चार्ली रसेलचं घराणं शोधताना फॅमिलीसर्च कितपत कामाला येतं

फॅमिलीसर्च ही वंशावळी शोधायची मोफत वेबसाइट. ती चांगली की वाईट हे मोघम सांगून कुणालाच उपयोग नाही, म्हणून इथे एकच माणूस धरून तिची तपासणी केली आहे: चार्ल्स मॅरियन रसेल, अमेरिकेतल्या मोंटाना राज्याच्या ग्रेट फॉल्स गावचा चित्रकार. गुराखी, बायसनची शिकार, मैदानी मूळनिवासी जमातींचे तळ, बर्फात उभी हाडकी गुरं हे त्याचे विषय. १९ मार्च १८६४ला मिसूरी राज्यातल्या सेंट लुइसजवळच्या ओक हिलमध्ये जन्म. १८८०मध्ये, सोळावं लागता लागता, तो मोंटानात आला; आधी मेंढ्यांच्या रँचवर, मग एका शिकाऱ्यासोबत, मग रात्रीची गुरं-घोडी राखायला. १८९०च्या दशकात ग्रेट फॉल्सला स्थिरावला आणि २४ ऑक्टोबर १९२६ला तिथेच वारला.

चाचणीसाठी हा माणूस मुद्दाम घेतला. त्याच्या घराण्याची मुख्य माहिती आधीच प्रसिद्ध आहे, त्यामुळे साइट बरोबर दाखवते की चूक हे ताडून पाहता येतं. शिवाय नव्याने वसलेल्या सरहद्दीवरच्या गावांत वंशावळ शोधताना जे जे अडतं ते सगळं या एका घरात सापडतं: जळालेली जनगणना, सरकणाऱ्या काउंटी-सीमा (काउंटी म्हणजे तिथला जिल्हा), तीन आडनावांची मुलगी, आणि तीच ती नावं पिढ्यान्‌पिढ्या.

निकाल आधीच सांगतो. मूळ कागदांच्या प्रतिमांसाठी फॅमिलीसर्चला तोड नाही, आणि तेही फुकट. लोकांनी रचून ठेवलेला तयार वंशवृक्ष मात्र रस्त्यावरच्या पाटीसारखा वापरावा. कुठे जायचं ते तो सांगतो; तिथे खरंच काय आहे ते आपणच जाऊन बघायचं.

साइट कुणाची, खातं कसं

ही साइट चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स, म्हणजे मॉर्मन चर्च, चालवतं. मुख्यालय युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत. त्यांची वंशावळ-संस्था १८९४ची, मायक्रोफिल्म करणं १९३८पासून, वेबसाइट १९९९ची. चोवीस लाखांच्या आसपास मायक्रोफिल्म रिळं जमली होती, आणि त्यांचं डिजिटायझेशन २०२१मध्ये पुरं झालं. खातं काढायला पैसे लागत नाहीत. चर्चचं सभासद असण्याची अट नाही, झाड भरायची सक्तीही नाही. फक्त नोंदी बघायच्या असतील तर झाडाला हात न लावता काम होतं, आणि नवख्याने तसंच सुरू करावं.

तयार वंशवृक्ष: इथे घात होतो

फॅमिलीसर्चचा 'फॅमिली ट्री' हा साऱ्या जगाचा मिळून एकच वृक्ष आहे. मृत व्यक्तीच्या पानावर कुठल्याही खातेदाराला बदल करता येतो. प्रत्येक व्यक्तीला चार अधिक तीन अशा सात अक्षर-अंकांचा क्रमांक असतो. रसेलसारख्या नावाजलेल्या माणसाच्या पानावर नातं लावू पाहणारे पुष्कळ, त्यामुळे आज दिसतं ते उद्या तसंच असेल असं धरून चालू नये. पान उघडल्यावर आधी 'लेटेस्ट चेंजेस' पाहावं आणि मग 'सोर्सेस'. सोर्सेसचा आकडा मोठा म्हणजे पुरावा भक्कम असं नाही. प्रत्येक उघडून बघावं की तो मूळ कागद आहे, की कुणीतरी दुसऱ्याच झाडावरून उचललेली ओळ.

या घराण्यात गोंधळाची जागा कोणती? चार्लीच्या वडिलांचं नाव चार्ल्स सिलास रसेल, आईचं मेरी एलिझाबेथ मीड. वडिलांची आई लूसी बेंट. लूसीचे वडील न्यायाधीश सिलास बेंट, १७६८–१८२७. लूसीच्या भावांपैकी एक चार्ल्स बेंट: न्यू मेक्सिकोचा पहिला अमेरिकी गव्हर्नर, जानेवारी १८४७च्या ताओसच्या उठावात मारला गेलेला. दुसरा विल्यम बेंट, आर्कान्सॉ नदीकाठी १८३३च्या सुमारास बेंट्स फोर्ट उभारणाऱ्यांपैकी. आणखी एक पुन्हा सिलास बेंट, नौदल अधिकारी, १८२०–१८८७. आणि चार्लीच्या सख्ख्या भावाचं नाव सिलास बेंट रसेल. म्हणजे चार पिढ्यांत चार्ल्स आणि सिलास ही दोनच नावं फिरत राहतात, आणि त्यातली बरीच माणसं सेंट लुइसची.

अशा ठिकाणी साइट 'पॉसिबल डुप्लिकेट' म्हणून दोन व्यक्ती समोर ठेवते आणि एक बटण दाबलं की त्या एकत्र, म्हणजे 'मर्ज', होतात. ते बटण दाबण्याआधी तीन गोष्टी जुळवाव्यात: आईवडिलांची नावं, जन्माची दशकं, आणि नोंदीच्या वेळी माणूस हयात होता का. 'सिलास बेंट, सेंट लुइस' अशी १८४०ची नोंद न्यायाधीशाची असूच शकत नाही, कारण तो १८२७मध्येच गेला. इतकं साधं गणितही न करता केलेली मर्ज सापडतात. चुकीची मर्ज लगेच ध्यानात आली तर उलटवता येते. नंतर त्या पानावर बदल झाले असतील, तर एकेक धागा हाताने सोडवावा लागतो आणि त्यात संध्याकाळ जाते.

नोंदींचा विभाग: इथे साइट खरी शोभते

'सर्च' मध्ये 'रेकॉर्ड्‌स' निवडा. नाव, आडनाव, जन्माचं राज्य मिसूरी, जन्मवर्ष १८६२ ते १८६६, राहण्याचं ठिकाण कॅस्केड काउंटी, मोंटाना. 'एक्झॅक्ट'ची खूण सुरुवातीला फक्त राज्यावर करा. सगळ्यांवर केली तर काहीच हाती लागत नाही आणि माणूस नोंदीत नाही असा गैरसमज होतो. त्या काळचे कारकून चार्ल्सचं 'चॅस.' करायचे, जेम्सचं 'जॅस.', विल्यमचं 'डब्ल्यूएम.', शिवाय स्वतः चित्रकार 'सी. एम.' अशी सही करायचा. ही सगळी रूपं टाकून बघावीत. रसेलमध्ये शेवटचा एक 'एल' गळणं नेहमीचं. तिथे तारांकन कितीही अक्षरांसाठी आणि प्रश्नचिन्ह एका अक्षरासाठी वापरता येतं. तरीही नाही सापडला तर त्याचं नाव सोडून द्या आणि बायकोचं टाका: नॅन्सी, जन्म केंटकी, १८७८. सूची करणाऱ्याने नवऱ्याचं नाव चुकीचं वाचलं असेल तर बायकोचं बरोबर वाचलेलं असण्याची शक्यता पुष्कळ.

सूचीत नाव मिळालं की थांबू नका, प्रतिमा उघडा. सूची म्हणजे कुणीतरी किंवा यंत्राने केलेलं वाचन. कागद निराळाच असू शकतो.

१९००च्या जनगणनेचा कागद सगळ्यांत बोलका. ही गणना १ जूनला धरून झाली. पत्रकाच्या माथ्यावर राज्य, काउंटी, गणना-विभागाचा क्रमांक आणि पानाचा क्रमांक अ किंवा ब बाजूसह. प्रत्येक ओळीत कुटुंबप्रमुखाशी नातं, जन्माचा महिना आणि साल, लग्नाला किती वर्षं झाली, बाईला किती मुलं झाली आणि त्यांतली किती हयात, स्वतःचं आणि आईबाप दोघांचं जन्मस्थान, धंदा, घर स्वतःचं की भाड्याचं, स्वतःचं असेल तर त्यावर कर्ज आहे का. चार्ली आणि नॅन्सीचं लग्न ९ सप्टेंबर १८९६ला कॅस्केड गावात झालं. म्हणजे १ जून १९००ला 'लग्नाची वर्षं' या रकान्यात ३ यायला हवेत, त्याचं वय ३६, तिचं २२. असा मेळ आधी स्वतः मांडून ठेवावा आणि मग कागद वाचावा. सापडलेला रसेल आपलाच का, हे नावापेक्षा या तीन आकड्यांवरून कळतं. ग्रेट फॉल्समधलं त्यांचं घर १९००चंच, त्यामुळे त्या वर्षीच्या गणनेत फोर्थ अव्हेन्यू नॉर्थ हा पत्ता धरून शोधू नये. तोवर ते तिथे राहायला गेलेही नसतील. १९१० आणि १९२०साठी मात्र पत्ता चालतो. रस्त्यावरून गणना-विभाग काढायला स्टीव्ह मोर्स यांची वन-स्टेप साइट आहे, तीही मोफत.

वयात वर्षभराचा फरक दिसला तर दचकू नये. माहिती घरच्यांनी दिली की शेजाऱ्याने, हे १९००च्या कागदावर लिहिलेलंच नसतं. माहिती देणाऱ्यापुढे खूण करायची पद्धत १९४०च्या गणनेत दिसते.

१९२०ची गणना १ जानेवारीची. रसेल दांपत्याला स्वतःचं मूल झालं नाही. १९१६मध्ये त्यांनी जॅक नावाचा मुलगा दत्तक घेतला. तेव्हा १९२०च्या पत्रकात 'नातं' या रकान्यात नुसतं 'मुलगा' लिहिलंय की 'दत्तक मुलगा', हे नीट वाचावं. दोन्ही प्रकारे लिहिण्याची चाल होती, आणि नुसतं 'मुलगा' वाचून झाड पुढे वाढवणारे फसतात. वंशावळ पुढे न्यायची तर ती भावंडांकडून न्यावी लागते.

१८९०चं भगदाड

१८९०च्या जनगणनेचे जवळजवळ सगळे कागद नष्ट झाले. १० जानेवारी १९२१ला वॉशिंग्टनमधल्या वाणिज्य खात्याच्या इमारतीला आग लागली. आगीतून जे वाचलं त्यातलं बरंच पाण्याने गेलं आणि उरलेलं पुढे सरकारनेच नष्ट केलं. सुमारे सव्वासहा कोटी माणसांपैकी सहा हजारांच्या आसपास नावं उरली. चार्लीचा नेमका महत्त्वाचा काळ, गुराखी ते चित्रकार हा बदल, या भगदाडात पडतो. १८८० ते १९०० मध्ये वीस वर्षांची उडी घ्यावी लागते. ही उणीव साइटची नाही, पण ती भरून काढण्यात साइट अपुरी पडते. शहर-डिरेक्टऱ्या (रहिवाशांच्या नाव-पत्त्यांच्या छापील याद्या) आणि स्थानिक वर्तमानपत्रं हा खरा पर्याय, आणि त्या दोन्हींत फॅमिलीसर्च अशक्त आहे. वर्तमानपत्रांसाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या 'क्रॉनिकलिंग अमेरिका'कडे आणि मोंटानाच्या राज्य-संग्रहाकडे जावं. दोन्हीकडे पैसे लागत नाहीत.

काउंटी सरकते, माणूस जागेवरच

मोंटाना टेरिटरी (राज्याचा दर्जा मिळण्याआधीचा प्रदेश) झाली १८६४मध्ये, राज्य झालं ८ नोव्हेंबर १८८९ला. लोक वाढले तशा काउंट्या फुटत गेल्या. चार्लीची तरुणपणातली वस्ती ज्युडिथ खोऱ्यातल्या युटिका गावाभोवती. हे गाव आधी मीगर काउंटीत, १८८५पासून फर्गसमध्ये, आणि १९२०पासून ज्युडिथ बेसिन काउंटीत. आजच्या नकाशावरची काउंटी टाकून १८८२ची नोंद शोधली तर हाती शून्य येणार. जुने दप्तर बहुधा मूळ काउंटीच्या कचेरीतच राहतं. आपल्याकडे तालुका फोडल्यावर जुने फेरफार कुठल्या तहसिलीत आहेत हे विचारत फिरावं लागतं, तोच प्रकार.

ग्रेट फॉल्सची कॅस्केड काउंटी १८८७ची, म्हणजे गावाहून लहान: गावाची आखणी १८८०च्या दशकाच्या सुरुवातीची. शिवाय कॅस्केड नावाचं गाव वेगळं आणि कॅस्केड काउंटी वेगळी. लग्न कॅस्केड गावात लागलं, काउंटीचं मुख्य ठिकाण मात्र ग्रेट फॉल्स. मोंटानात लग्नाचा परवाना जिल्हा न्यायालयाचा कारकून देतो, म्हणून शोध काउंटीच्या नावाने घ्यावा.

या बाबतीत फॅमिलीसर्चचं 'रिसर्च विकी' हे सोन्यासारखं पान आहे, आणि बहुतेक जण तिकडे फिरकतही नाहीत. काउंटीचं नाव टाकलं की ती कधी झाली, कशातून फुटली, कुठल्या प्रकारच्या नोंदी कुठल्या सालापासून आहेत, कचेरीला आग लागली होती का, हे एका जागी मिळतं. सीमा नकाशावर बघायच्या तर न्यूबेरी लायब्ररीचा जुन्या काउंटी-सीमांचा मोफत ॲटलास सोबत उघडावा. मोंटानात राज्यभर जन्म-मृत्यूची नोंद १९०७पासून, मिसूरीत १९१०पासून. त्यामुळे चार्लीचा १८६४चा जन्मदाखला शोधण्यात वेळ घालवू नये. चर्चचं बाप्तिस्मा-पुस्तक आणि १८७०ची जनगणना हेच मार्ग. तिथेही एक खाच आहे: १८७०च्या पत्रकात कुटुंबप्रमुखाशी नातं लिहिलेलं नसतं, तो रकाना १८८०पासून आला. एका घरात राहणारं पोर मुलगा की पुतण्या, हे १८७०वरून ठरत नाही. आणि सेंट लुइस शहर व सेंट लुइस काउंटी १८७६मध्ये वेगळ्या झाल्या, त्यामुळे ओक हिलचे कागद दोन्ही नावांखाली चाळावे लागतात.

नॅन्सीची बाजू

चार्लीच्या चित्रांना भाव मिळवून दिला तो नॅन्सीने. सौदे तीच करायची. तिचा माग काढणं मात्र चार्लीपेक्षा कितीतरी कठीण. जन्म ४ मे १८७८, केंटकीतल्या टेलर काउंटीतलं मॅन्सव्हिल. जन्माचं आडनाव कूपर, आईचं माहेर मॅन. वडील लवकरच सोडून गेले, आईने ॲलन आडनावाच्या माणसाशी पुन्हा लग्न केलं. घरात तिला मेमी म्हणत. म्हणजे नाव दोन, आडनावं तीन. प्रत्येक जोडी वेगळी टाकून शोधावी: नॅन्सी कूपर, मेमी कूपर, मेमी ॲलन, नॅन्सी मॅन. १८८०च्या गणनेत लहान मूल आजोळी असेल तर प्रमुखाचं आडनाव मॅन असणार, म्हणून मुलीला नाही तर आजी-आजोबांना शोधावं. केंटकीत १८७४ ते १८७९ या काळात काउंटीवार जन्मनोंदी झाल्या होत्या, १८७८ त्यात बसतं. पण त्या सगळ्या टिकलेल्या नाहीत. सापडली तर उत्तम, न सापडली तर त्यावरून काही निष्कर्ष काढू नये.

सगळ्यांत मोलाचं नवं हत्यार

'फुल टेक्स्ट' शोध २०२४मध्ये आला. हस्तलिखित दस्त, मृत्युपत्रं, इस्टेटीचे कागद यंत्राने वाचून त्यातल्या शब्दाशब्दावर शोधता येतात. आधी या कागदांना सूचीच नव्हती; फिल्म उघडून पान पान उलटावं लागायचं. इथे नावाच्या रकान्यांऐवजी शब्द टाकायचे: रसेल, बेंट, ओक हिल, प्रत्येकाआधी अधिकचं चिन्ह, दोन शब्द जोडीने हवे असतील तर अवतरणात. मग वर्ष आणि ठिकाण आवळत जायचं. यंत्र नक्षीदार कॅपिटल अक्षरांत चुकतं, म्हणून आर ऐवजी के किंवा बी आलंय का तेही बघावं.

मिसूरीच्या जमीनदार घराण्यासाठी हे फार महत्त्वाचं. १८५० आणि १८६०च्या जनगणनेत गुलामांची वेगळी पत्रकं होती, पण त्यांत नाव फक्त मालकाचं. माणसांचं वय, लिंग आणि वर्ण एवढंच. त्यांची नावं सापडतात ती मृत्युपत्रांत आणि मालमत्तेच्या याद्यांत. सरहद्दीच्या रम्य गोष्टींच्या मागे घराण्याचा पैसा कुठून आला, हे बघायला टाळू नये. वंशावळ म्हणजे फक्त मानाच्या माणसांची यादी नव्हे.

बेंटांच्या बाजूलाही हेच लागू. विल्यम बेंटने शायान जमातीतल्या औल वुमनशी लग्न केलं होतं. त्यांचा मुलगा जॉर्ज बेंट हा चार्लीच्या वडिलांचा मामेभाऊ. चार्ली जन्मला त्याच वर्षी, २९ नोव्हेंबर १८६४ला, सँड क्रीकला शायान-अरापाहो तळावर लष्कराने केलेल्या कत्तलीतून जॉर्ज जखमी होऊन वाचला. या शाखेसाठी साधी जनगणना पुरत नाही. १८८५ ते १९४०ची 'इंडियन सेन्सस रोल्स' बघावी लागतात, आणि त्यात एकाच माणसाचं जमातीतलं नाव आणि इंग्रजी नाव दोन्ही धरून शोधावं लागतं. रसेलची चित्रं पाहून त्याचं मूळ शोधणारे बहुतेक लोक आजीपर्यंत पोहोचून थांबतात. आजीचे भाचे पाहिल्याशिवाय हे घराणं कळत नाही.

कुलुपं आणि खर्च

कॅटलॉगमध्ये नोंदीपुढे कॅमेऱ्याचं चिन्ह असेल तर घरबसल्या दिसतं. कॅमेऱ्यावर किल्ली असेल तर करारामुळे फक्त फॅमिलीसर्च केंद्रात किंवा संलग्न ग्रंथालयात. भारतात अशी केंद्रं मोजकी, जाण्याआधी साइटवर ठिकाण आणि वेळ पाहून घ्यावी. काही प्रतिमा दुसऱ्या सशुल्क साइटवर नेऊन सोडतात. पैसे भरायचेच असतील तर आधी फॅमिलीसर्चवर सगळं संपवा, उरलेल्या नोंदींची यादी करा आणि मग एकाच महिन्याचं सभासदत्व घ्या.

प्रतिमा उतरवताना फाइलच्या नावातच साल, काउंटी, गणना-विभाग, पान आणि ओळ लिहावी. साइटच्या दुव्यावर विसंबू नये. संग्रहांची मांडणी बदलते, कागदावरचा पान-क्रमांक बदलत नाही.

आपल्या घरासाठी वापरायची तर

इथे भारतीय नोंदीही आहेत. त्यातला मोठा संग्रह हिंदू तीर्थक्षेत्रांच्या वह्यांचा: हरिद्वार, कुरुक्षेत्र, पेहोवा, चिंतपूर्णी, ज्वालामुखी इथल्या पंड्यांकडच्या नामावळ्या. बराचसा भाग नावाने शोधता येत नाही, प्रतिमा चाळाव्या लागतात. मूळ गाव आणि जात सांगता आली नाही तर पुढचं पाऊल पडत नाही, अगदी प्रत्यक्ष पंड्यापुढे बसल्यासारखंच. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडची नामावळी, छापील कुलवृत्तांत आणि गाव नमुना १४ (गावची जन्म-मृत्यूची नोंदवही) हे मराठी घरांचे पहिले आधार. ते संपल्यावर इकडे वळावं.

आजोबा-पणजोबांची नावं त्या जागतिक झाडात घालण्याआधी एक गोष्ट माहीत असावी. हे चर्च पूर्वजांची नावं गोळा करतं ते मृतांसाठी मंदिरात करायच्या विधींकरता. नियमाने सभासदांनी आपल्याच नातेवाइकांची नावं द्यायची असतात, आणि गेल्या ११० वर्षांत जन्मलेल्यांसाठी जवळच्या नातेवाइकाची परवानगी लागते. पण झाड सगळ्यांना खुलं आहे. हे ज्यांना रुचत नसेल त्यांनी नोंदी इथे शोधाव्यात आणि झाड मात्र स्वतःच्या संगणकावर, ग्रॅम्प्ससारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये ठेवावं.